रंग न लावता जिवंत ऊती पाहायच्या असतील तर

बिनरंगाच्या मायक्रोस्कोपीच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा लेसरचा असतो. स्पंद किती फेमटोसेकंदांचे, डिटेक्टर कोणता, वगैरे. मी स्वतः भौतिकशास्त्राकडून आले, त्यामुळे ही ओढ मला कळते. तरी नव्या विद्यार्थ्याच्या हातात मी आधी हिस्टॉलॉजीचं, म्हणजे ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या शास्त्राचं पुस्तक देते. त्वचा, आतडं, यकृत यांच्या रंगवलेल्या काचपट्ट्या मनसोक्त पाहा. तिथे हे केंद्रक, हा पेशीद्रव असं रंगच सांगतो. बिनरंगाच्या मायक्रोस्कोपीत ती सोय नाही. पडद्यावर प्रकाश उमटतो. तो कशाचा, हे सिद्ध करणं हेच तुमचं खरं काम.

मग रंग टाळायचाच कशाला? रंगद्रव्य खोलवर पोचत नाही, पेशीचं वागणं बदलू शकतं आणि जनुकांत फेरफार करून चमकणारी प्रथिनं बनवून घेण्याचा मार्ग रुग्णाच्या बाबतीत बंदच असतो. शिवाय ऊतीकडे स्वतःचं पुष्कळ काही असतं. पेशीच्या ऊर्जाव्यवहारातला एनएडीएच हा रेणू निळसर चमकतो आणि त्याचं ऑक्सिडीकृत रूप अंधारं राहतं. एफएडी या तशाच दुसऱ्या रेणूचं नेमकं उलटं: ऑक्सिडीकृत रूप हिरवट चमकतं, दुसरं नाही. म्हणून या दोन चमकांच्या गुणोत्तरावरून पेशीच्या चयापचयाचा अंदाज बांधता येतो. या कल्पनेचा पाया जैवभौतिकशास्त्रज्ञ ब्रिटन चान्स यांच्या कामात आहे.

एनएडीएचला एरवी 340 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश लागतो. तो ऊतीत फार आत जात नाही आणि इजाही करतो. त्याऐवजी दुपटीच्या आसपास लांबीच्या अवरक्त लहरींचे दोन फोटॉन एकाच वेळी शोषले गेले तर काम होतं. मारिया गोपर्ट-मायर यांनी 1931 मध्ये हे गणिताने मांडलं; मायक्रोस्कोपमध्ये ते उतरलं 1990 मध्ये, कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांच्या हातून. दरम्यान लेसरचा शोध लागायचा होता!

आता संशय घ्यायला शिका, कारण निळं दिसलं की एनएडीएच असं समीकरण इथे चालत नाही. इलास्टिन हे लवचिक तंतूंचं प्रथिनही चमकतं, लिपोफ्युसिन हे पेशीत साठणारं रंगद्रव्य तर जवळजवळ सगळ्या वर्णपटात चमकतं आणि एनएडीपीएच या भावंड रेणूची चमक एनएडीएचपासून रंगावरून वेगळी काढता येत नाही. म्हणून तपासणीचे प्रयोग हवेत. वेगळ्या नमुन्यावर सायनाइडने श्वसनसाखळी (एनएडीएच वापरणारी पेशीची ऊर्जायंत्रणा) अडवा: एनएडीएच साठतं, चमक वाढते. एफसीसीपी हे रसायन द्या: साखळी सुसाट चालते, चमक उतरते. दोन्ही वेळा चित्र ढिम्म राहिलं, तर तुम्ही दुसरंच काहीतरी मोजताय. (सायनाइड हाताळण्याचं प्रशिक्षण आधी, हे सांगायला नको.) चमकेचं आयुष्य, म्हणजे प्रकाश शोषल्यावर रेणू किती वेळाने चमकतो ते, मोजायची सोय असेल तर आणखी एक धागा हाती लागतो. मोकळ्या एनएडीएचचं आयुष्य सुमारे 0.4 नॅनोसेकंद, प्रथिनाला चिकटलेल्याचं त्याच्या कितीतरी पट.

कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचं सेकंड हार्मोनिक, म्हणजे दोन फोटॉन जुळून निम्म्या लांबीचा एक निघणं, त्या मानाने सरळ. इथे ऊर्जा शोषली जात नाही. 800 नॅनोमीटरचा प्रकाश बरोबर 400 होऊन बाहेर पडतो. लेसर 860 वर नेला आणि सिग्नल 430 वर सरकला, तर ते हार्मोनिक. जागचा हलला नाही तर फ्लुओरेसन्स, म्हणजे वर सांगितलेली चमक. दुसरी चाचणी फुकटातली: लेसरची पॉवर निम्मी करा, सिग्नल चौथाईवर यायला हवा. जो भाग अजिबात बदलत नाही तो खोलीतल्या दिव्याचा किंवा मॉनिटरचा असतो. मात्र सेकंड हार्मोनिक दिसलं नाही म्हणून कोलॅजन नाही, असं लिहू नका. आधारपटलातलं (पेशींच्या थराखालच्या पातळ पडद्यातलं) चौथ्या प्रकारचं कोलॅजन तंतू बांधत नाही, म्हणून ते या तंत्राला जवळपास अदृश्यच.

रामन परिणामावर, म्हणजे 1928 च्या शोधावर, आधारलेली तंत्रं चरबी आणि प्रथिनं रेणूंच्या कंपनांवरून ओळखतात. ती सुंदर आहेत, पण त्यांतल्या अनेकांत दोन लेसर किरण स्थळ-काळात जुळवण्याचा जाच आहे. पहिल्याच वर्षी तिकडे वळू नये, असं माझं मत.

‘इजा न करणारी’ हे विशेषणही तपासूनच वापरा. एकच जागा पुन्हा पुन्हा स्कॅन करताना चमक आपोआप वाढत गेली, तेजस्वी ठिपके किंवा बुडबुडे दिसले, तर ऊती भाजतेय. पॉवर कमी करा, चित्रात थोडा नॉइज चालेल. शरीराबाहेर काढलेल्या तुकड्याचा प्राणवायू तुटतो आणि एनएडीएच चढू लागतं. त्यामुळे ऊती काढल्यापासून किती वेळ गेला, याची नोंद प्रत्येक चित्रासोबत हवीच. ऊती ज्या द्रवात ठेवता त्या माध्यमात फिनॉल रेड हे रंगद्रव्य नको. फॉर्मालिनमधल्या नमुन्यावर चयापचयाचे निष्कर्ष तर मुळीच नकोत, कारण फॉर्मालिनमुळे ऊतीची चमक कृत्रिमरीत्या वाढते.

डोळे सांभाळा. अवरक्त किरण जेमतेम दिसतो किंवा दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटून वाचवत नाही. किरण परावर्तित करणारं घड्याळ, अंगठी काढून ठेवा. उघड्या किरणापाशी त्या तरंगलांबीचाच चष्मा घाला.

चित्रांच्या विश्लेषणासाठी पायथन ही संगणकभाषा आणि इमेजजे हे सॉफ्टवेअर आलंच पाहिजे. हल्ली बिनरंगाच्या चित्रावर कृत्रिम बुद्धिमत्तेने हिस्टॉलॉजीचे रंग चढवतात. वेळ वाचतो, पण केंद्रक नसलेल्या जागी केंद्रक रंगवलं गेलं तर ते ओळखणार कोण? पुन्हा तेच, हिस्टॉलॉजी.

प्रयोगशाळा निवडताना दोन गोष्टी विचारा. अलाइनमेंट, म्हणजे किरणांची जुळणी, विद्यार्थी करतात की कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबतात? आणि चित्रं पाहायला पॅथॉलॉजिस्ट किती वेळा येतो? दुसऱ्या प्रश्नाला ‘पेपर लिहिताना’ असं उत्तर आलं, तर दुसरी प्रयोगशाळा पाहा.