कुलंट उन्हाने उडत नाही: डिझेल पिकअपमधली न दिसणारी गळती कशी शोधावी

एप्रिल उजाडला की खान्देशात गाडीच्या प्रत्येक दुखण्याचं खापर उन्हावर फुटतं. "पंचेचाळीस डिग्रीत कुलंट उडणारच भो, पाणी टाक आन् चाल." धुळ्यात हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकवत नाही. कुलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, आणि त्याची सिस्टिम बंद असते. झाकणावर लिहिलेला दाब (बहुतेक पिकअपमध्ये ०.९ ते १.१ बारच्या आसपास) ओलांडला, तरच झाकण वाट देतं. १ बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. बाहेर ४५ असो की १५, धडधाकट गाडीला दर फेरीला टॉप-अप लागत नाही. लागतोय, म्हणजे कुलंट कुठून तरी बाहेर पडतंय.

हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांच्या गाडीखाली थेंब दिसत नाही आणि कुलंटची टाकी मात्र उतरत जाते.

सुरुवात मोजण्यापासून करा. सकाळी थंड इंजिनवर, गाडी सपाट जागी असताना टाकीवर मार्करने रेघ मारा. किती किलोमीटरला किती मिली घालावं लागलं ते लिहून ठेवा. भरलेल्या गाडीने घाट चढल्यावर जास्त उतरतं की उभ्या गाडीतही उतरतं, हेही लिहा. पुढे याच नोंदीवर सगळा निकाल लागतो.

बाहेरच्या जागा बघायला अर्धा तास पुरे. पण त्याआधी इंजिन धुऊन घेऊ नका. वाळलेला हिरवा-गुलाबी डाग हाच पुरावा असतो आणि वॉशिंगवाला तोच घालवतो. वॉटर बॉडीच्या (कुलंट फिरवणाऱ्या पंपाच्या) खालचं बारीक भोक, होज पाइपांची टोकं, रेडिएटरची प्लास्टिक टाकी जिथे जाळीला दाबून बसवलेली असते ती कड, हीटरच्या खालची मॅट, एवढं बघा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणच बदला. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मळी दिसली, म्हणजे ऑइलमध्ये कुलंट मिसळलंय, तर गाडी तिथेच थांबवा, टो करूनच हलवा.

इथवर काही सापडलं नाही, तर कुलंट इंजिनच्या आत जातंय. खरा घोळ इथून पुढे होतो आणि लोकांचे पैसेही इथेच जातात.

माझेही गेले. भाजीपाला घेऊन साक्री-नवापूरमार्गे सुरत आणि परतीला कापडाच्या गाठी, अशी माझी पिकअप चालायची. जाताना काही नाही. परतीला भरलेली गाडी कोंडाईबारीचा घाट चढली की अर्धा लिटर गायब. गॅरेजात निळ्या पाण्याची टेस्ट केली. टाकीच्या तोंडावर ती काचेची नळी धरतात, वाफेत सायलेंसरचा गॅस असेल तर निळ्याचं हिरवट-पिवळं होतं. माझ्या डोळ्यांदेखत रंग बदलला. मेकॅनिक म्हणाला, "हेड गॅस्केट गयं." म्हणजे इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. हेड उतरलं, लेथवर फेसिंग झालं, नवं गॅस्केट बसलं, पाच दिवस गाडी उभी राहिली. पुढच्याच फेरीला त्याच घाटात पुन्हा अर्धा लिटर गेला.

चूक कुठे झाली? निळं पाणी फक्त एवढंच सांगतं की कुलंटमध्ये जळका गॅस शिरतोय. कुठून शिरतोय हे ते सांगत नाही. डिझेल गाडीत त्याला दोन दारं असतात. एक हेड गॅस्केट किंवा हेडची चीर, आणि दुसरं ईजीआर कूलर. सायलेंसरकडे जाणारा थोडा गॅस थंड करून परत इंजिनात सोडायचा, हे त्या कूलरचं काम. एका बाजूने तापलेला गॅस, दुसऱ्या बाजूने कुलंट, आणि मध्ये पातळ पत्रा. १ एप्रिल २०१७ला देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२०ला बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले, त्या काळातल्या बहुतेक डिझेल पिकअपवर हा कूलर सापडेल. पत्र्याला चीर गेली आणि गाडी लोडवर चढाला लागली, की टर्बोमुळे तिथल्या गॅसचा दाब वाढतो आणि गॅस कुलंटमध्ये घुसतो. गाडी बंद केली की उलट होतं, कुलंट गॅसच्या वाटेत झिरपतं आणि पुढच्या स्टार्टला पांढरा धूर होऊन निघून जातं. खाली थेंब पडणार कसा?

म्हणून माझं ठाम सांगणं आहे: नुसत्या निळ्या पाण्यावर हेड उघडू देऊ नका. आधी पुढच्या दोन तपासण्या करा.

पहिली, रात्रभराचा दाब. संध्याकाळी इंजिन कोमट असतानाच हीटर प्लग (प्रत्येक सिलिंडरला स्टार्टच्या वेळी तापवणारे ग्लो प्लग) जरा सैल करून परत हलके बसवा. थंड इंजिनवर अडकलेला प्लग जोर लावून काढला तर तुटून हेडमध्ये राहतो आणि त्याचं वेगळंच प्रकरण होतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टाकीला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा आणि झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब भरा. जास्त भरलात तर चांगला रेडिएटर फाडाल. वीस मिनिटं काटा बघा, मग रात्रभर तसंच ठेवा.

सकाळी थेट सेल्फ मारू नका. हे मी हात जोडून सांगतो. रात्रीतून सिलिंडरमध्ये कुलंट उतरलं असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गॅस्केटचं काम पूर्ण इंजिनावर जातं. टेस्टरचा दाब सोडा, सगळे हीटर प्लग काढा, डिझेलचा पुरवठा बंद करा, भोकांसमोरून तोंड बाजूला ठेवा आणि मगच सेल्फ द्या. एखाद्या भोकातून फवारा आला तर हेड उघडायचंच आणि कुठल्या सिलिंडरपाशी बघायचं तेही कळलं. चारही कोरडी निघाली तर हेडला हात लावायची घाई नको.

दुसरी तपासणी ईजीआर कूलरची. ही थंड असताना केली तर फसवते, मीही तिथेच फसलो. माझा काटा रात्रभरात जेमतेम हलला होता, कारण थंडपणी ती चीर मिटते. म्हणून कूलर काढूनच बघा. आधी गॅसच्या वाटेत टॉर्च मारा. तिथे सगळीकडे कोरडी काजळी असायला हवी. माझ्या कूलरच्या तोंडाशी नखाएवढी जागा धुतल्यासारखी चकचकीत होती, बोट लावलं तर चिकट, आणि वास गोडसर.

मग कुलंटच्या एका तोंडाला बूच मारा, दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने १ बार हवा भरा आणि अख्खा कूलर उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बुडवा. गार पाण्यात काहीच दिसणार नाही. दहा मिनिटं थांबा, पत्रा तापू द्या. माझ्या कूलरमधून सात-आठ मिनिटांनी एका कोपऱ्यातून बाजरीच्या दाण्याएवढ्या बुडबुड्यांची रांग लागली. हेडच्या कामाचे पैसे या एका पातेल्याने वाचले असते.

सापडलं की कूलर बदला. वेल्डिंग, एम-सील यांवर वेळ घालवू नका. "ईजीआरला पत्रा मारून बंद करून टाक" असं सांगणारे भेटतील. कुलंट तर त्या चिरलेल्या कूलरमधून फिरतच राहतं, गळती थांबत नाही, आणि प्रदूषणाचा भाग बंद केला हा गुन्हा वर. रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करायची पावडर टाकू नका, ती चिरेआधी रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्या बुजवते. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायची आपल्याकडे रीतच पडली आहे. त्याने गळती थांबत नाही आणि नेहमीच्या प्रवासात इंजिन धड तापत नाही.

नवं भरताना कंपनीने सांगितलेलं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं घ्या. बोअरचं पाणी अजिबात नको. घरच्या बंबात जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. काढलेलं कुलंट उघड्यावर टाकू नका, गोड लागतं म्हणून कुत्री पितात आणि मरतात.

हवा काढून गाडी चालवल्यावर पहिले दोन दिवस पातळी बोटभर खाली येईल. ती आत अडकलेली हवा, घाबरू नका. तेवढं भरा, नवी रेघ मारा आणि पुढच्या भरलेल्या घाटानंतर, इंजिन थंड झाल्यावर, रेघ बघा.