एका ओळीत चार वर्ग: बँकेच्या परीक्षेला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

क्लार्कच्या प्रिलिम्सला, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला, गणिताचे ३५ प्रश्न आणि वेळ २० मिनिटं. एका प्रश्नाला जेमतेम अर्धा मिनिट. खानापूर-निपाणीकडची आपली मराठी शाळेतली पोरं पाढ्यांना पक्की असतात, पण ६६ चा वर्ग आला की रफ पानावर उभा गुणाकार मांडून बसतात. मी याच परीक्षेतून बँकेत लागलो. आता संध्याकाळी गल्लीतल्या पोरांची तयारी घेतो, आणि सुरुवात वर्गांपासूनच करतो.

क्लासमध्ये १ ते १०० च्या वर्गांचा तक्ता देतात आणि पाठ करायला सांगतात. त्याच्या नादी लागू नका. पहिले २५ वर्ग पाठ करा. बाकीचे त्यांच्यातूनच निघतात, तेही एका वेळी तीन-तीन.

वहीच्या पानावर चार उभे रकाने पाडा. पहिल्यात १६ लिहा. दुसऱ्यात ५० मधून १६ वजा करून ३४, तिसऱ्यात ५० मध्ये १६ मिळवून ६६, चौथ्यात १०० मधून १६ वजा करून ८४. आता वर्ग बघा: २५६, ११५६, ४३५६, ७०५६. चारहींच्या शेवटी ५६. प्रत्येक ओळीत असंच होतं. १३ ची ओळ घ्या: १३, ३७, ६३, ८७ यांचे वर्ग १६९, १३६९, ३९६९, ७५६९.

शेकडे कुठून आले? ३४ साठी २५ मधून १६ गेले, राहिले ९. म्हणजे ९०० अधिक २५६, झाले ११५६. ६६ साठी २५ मध्ये १६ मिळवा: ४१०० अधिक २५६. ८४ साठी १०० मधून १६ ची दुप्पट वजा करा: ६८०० अधिक २५६. शाळेतलंच सूत्र आहे, (अ + ब) चा वर्ग. अ च्या जागी ५० धरला की दोन अ ब म्हणजे सरळ ब चे शंभर पट.

घोळ होतो तो हातच्यात. परवा पुतणीनं ९ लिहून त्याला २५६ चिकटवले आणि विचारलं, "काका, ३४ चा वर्ग नऊ हजारांवर कसा गेला की?" तिला शंका आली हेच मोठं काम झालं. ३० चा वर्ग ९००, ४० चा १६००, उत्तर त्यांच्या मध्येच पाहिजे. उलट ४७ सारख्या आकड्यात शून्य गळतं: २५ मधून ३ गेले, २२, आणि ३ चा वर्ग ०९, म्हणून २२०९. २२९ नव्हे.

शेवटी ५ असलेल्यांची युक्ती बहुतेकांना येतेच (६५ साठी ६ गुणिले ७, पुढे २५: ४२२५). त्यावर वेळ घालवू नका. लागोपाठच्या वर्गांमधला फरक मात्र नंबर सिरीजमध्ये हमखास कामाला येतो. ९६१, १०२४, १०८९ दिसले की फरक ६३ आणि ६५; पुढचा ६७, म्हणून ११५६. आणि पर्यायातला आकडा २, ३, ७ किंवा ८ ने संपत असेल तर तो पूर्ण वर्ग नाहीच, खोडून टाका.

फॉर्म भरताना एक लक्षात ठेवा. क्लार्कसाठी एकाच राज्यातल्या जागांना अर्ज करता येतो आणि त्या राज्याची भाषा यावी लागते. बेळगावात राहून कर्नाटक निवडलंत तर कन्नड लिहिता-वाचताही आली पाहिजे, बाजारात बोलता येतं तेवढ्यावर भागत नाही.

सगळं हातात बसलं की नवा मोह सुटतो, दिसेल त्याचा वर्ग करायचा. ६२ चा वर्ग वजा ३८ चा वर्ग असं आलं तर एकही वर्ग काढू नका. दोन्ही आकड्यांची बेरीज १००, वजाबाकी २४, त्यांचा गुणाकार हेच उत्तर: २४००.