पोलिश पदक हातात आलं तर आधी काय बघायचं

मी कोल्हापूरचा, जुनी नाणी-पदकं जमवतो. अधूनमधून कुणीतरी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन येतं. "काका, वळिवड्याचं आहे म्हणे, पोलिश लोकांचं." कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं. पण त्यात बहुतेक बायका, पोरं, म्हातारी माणसं. घरचे कर्ते पुरुष दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूनं लढणाऱ्या पोलिश जनरल आंदेर्सच्या फौजेत, आणि पदकं त्यांच्या छातीवर. म्हणून वळिवड्याच्या नावावर पैसे मोजू नका. आधी वस्तू वाचा.

भिंग घेऊन पदकावरचा गरुड बघा, ते पोलंडचं राजचिन्ह. डोक्यावर मुकुट असेल तर पदक युद्धाआधीचं, महायुद्धात लंडनला गेलेल्या पोलिश परागंदा सरकारचं, नाहीतर कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतरचं. मुकुट नसेल तर सोव्हिएत बाजूनं लढलेल्या पोलिश फौजेचं किंवा पुढच्या कम्युनिस्ट काळातलं. एवढ्यानं निम्मं काम होतं.

मग साल. इथंच माणूस फसतो, मीही फसलोय. एका विक्रेत्यानं मला विर्तुती मिलितारीचा, म्हणजे पोलंडच्या सर्वोच्च लष्करी सन्मानाचा क्रॉस "दोनशे वर्षांचा" म्हणून गळ्यात मारला, कारण मागं १७९२ लिहिलेलं. ते साल सन्मान सुरू झाल्याचं. रशियाविरुद्ध झेलेन्त्सेची लढाई जिंकल्यावर पोलंडचा राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्कीनं तो काढला, आणि विसाव्या शतकातल्या बऱ्याच क्रॉसवरही तेच साल येतं. याचे पाच वर्ग. फीत निळी, दोन्ही कडांना काळी पट्टी. मागं "होनोर ई ओयचिझ्ना", म्हणजे इभ्रत आणि मायभूमी.

क्शिश वालेच्निख, म्हणजे शूरांचा क्रॉस, याचीही तीच गत. तो ऑगस्ट १९२० चा, सोव्हिएत फौजांशी लढाई चालू असताना सुरू झालेला. पुढं दुसऱ्या महायुद्धात पश्चिमेकडं लढलेल्यांना मिळालेल्या क्रॉसवरही बहुधा १९२० च दिसतं. एका माणसाला तो चारदा मिळू शकतो. पुढच्या वेळी नवा क्रॉस लटकवायचा नाही, फितीवर धातूची आडवी पट्टी वाढवायची. तेव्हा फितीवरच्या या धातूच्या पट्ट्या मोजा, आणि फीत नंतर बदललेली नाही ना, तेही बघा. पोलिश अक्षरं वाचताना एक लक्षात ठेवा : "एल"वर तिरकी रेघ असेल तर उच्चार "व".

मोन्ते कासिनोचा क्रॉस मात्र सरळ माणूस आहे. मोन्ते कासिनो म्हणजे इटलीतली मठाची टेकडी, तिथं दुसऱ्या महायुद्धात मोठी लढाई झाली. मधल्या चौकोनात त्या जागेचं नाव आणि "माय १९४४", म्हणजे मे महिना. तिथलं साल खरंच लढाईचं. १८ मेला पोलिश सैनिक त्या मठाच्या अवशेषांवर पोचले. क्रॉस ब्राँझचा, आणि मागं क्रमांक. आधी तो क्रमांक वहीत उतरवून घ्या. क्रॉससोबत सैनिकाला त्याच क्रमांकाचं प्रमाणपत्र मिळायचं, त्यामुळे कागद आणि क्रॉस जुळले तर माणसाचं नाव कळतं. लंडनमधल्या सिकोर्स्की संग्रहालयात पोलिश फौजांची कागदपत्रं आहेत. तिथं विचारताना दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा.

आता माझा गाढवपणा. असाच एक क्रॉस मी हौसेनं विकत घेतला आणि घरी आल्यावर देवाच्या तांब्यासारखा चिंचेच्या कोळानं घासला. पाच मिनिटांत लखलखला. ऐंशी वर्षांचा तपकिरी रंग मोरीत गेला, आणि क्रॉस कालच कासार गल्लीतून आणल्यासारखा दिसायला लागला. बायको म्हणाली, "छान झालं की!" मी काही बोललो नाही. तुम्ही कोरड्या मऊ फडक्यानं धूळ झटका, बस्स. फीत धुऊ नका, रंग एकमेकांत उतरतात. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आपल्या पावसाळ्यात आत पाणी धरतं. कागदी पाकीट पुरे, पण बाहेर लिहायचं ते पदक आत घालायच्या आधी लिहा, नाहीतर पेनाचा दाब फितीवर उमटतो.