पिकअपचे फिल्टर घेताना: आटे बसले म्हणजे फिल्टर बसला असं नाही

‘पिकअपचा फिल्टर द्या,’ असं कुणी काउंटरवर येऊन म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: कोणता? ऑइलचा, डिझेलचा, हवेचा की केबिनचा? दुसरा प्रश्न चेसिस नंबरचा, आणि तिथे गिऱ्हाईक हमखास वैतागतं. मॉडेल सांगितलं, साल सांगितलं, आता आणखी काय हवं?

हवंच असतं. एकाच नावाची पिकअप वेगवेगळ्या इंजिनांत मिळते. धुराचे नियम कडक झाले की आतलं इंजिन बदलतं, बाहेरचा पत्रा आणि नाव मात्र तेच राहतं. गाडी बनल्याचं साल आणि नोंदणीचं साल कित्येकदा जुळत नाही. म्हणून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही आणा, जमलं तर जुना फिल्टरही. पण जुन्या फिल्टरवर डोळे मिटून विसंबू नका, कारण आधीच्या माणसानेच चुकीचा लावलेला असू शकतो. त्यावरचा नंबर गाडीच्या पुस्तकाशी किंवा फिल्टर कंपनीच्या कॅटलॉगशी ताडून पाहा. नंबर थोडा वेगळा दिसला तर लगेच घाबरूही नका. कंपन्या जुना नंबर बंद करून त्याच जागी नवा काढतात, आणि कॅटलॉगमध्ये तशी नोंद असते.

खिशाला मर्यादा असेल तर माझा क्रम सरळ आहे. सगळ्यात चांगला माल डिझेलला, मग ऑइलला, मग हवेला. केबिनचा एखादा महिना थांबला तरी इंजिनाचं काही बिघडत नाही.

डिझेल आधी का, तर आताच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत ते १६०० ते २००० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), काही गाड्यांत त्याहून जास्त दाबाने जातं. नोझलच्या आतल्या फटी जेमतेम काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, तर माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे डोळ्याला न दिसणारी धूळसुद्धा तिथे घासकागदाचं काम करते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीचा फिल्टर एवढा बारीक गाळत नाही, कारण तिथे तशी गरज नसते. पंचाईत अशी की दोन्हींचे आटे आणि डब्याचा आकार सारखा असू शकतो. जुन्या पद्धतीचा फिल्टर नव्या इंजिनावर आरामात बसतो, गाडी चालते, आणि बिल पुढे नोझल-पंपाच्या रूपाने येतं. उलट बाजूने ‘अजून बारीक द्या’ म्हणणारेही भेटतात. तेही नको. सांगितलंय त्यापेक्षा बारीक फिल्टर लवकर तुंबतो, पंपावर ओढ येते आणि चढावर गाडी दम टाकते.

डिझेलच्या फिल्टरचं दुसरं काम म्हणजे पाणी वेगळं करणं. नवा घेताना खालचा भाग बघा. पाणी सोडायचा कॉक आहे का? जुन्याला पाण्याचा सेन्सर असेल तर नव्याला त्याची जागा आहे का? बऱ्याच गाड्यांत सेन्सर जुन्यातून काढून नव्यात बसवायचा असतो, आणि त्याची रबर रिंग तेव्हाच बदलायची. सेन्सरची जागाच नसलेला फिल्टर लावून वायर बांधून ठेवलेली मी बघतो तेव्हा मला राग येतो, कारण पाण्याची सूचना देणारा तो एकच दिवा असतो. बसवताना आणखी एक सांभाळा: नव्या डब्यात वरून डिझेल ओतू नका. मधलं भोक म्हणजे गाळून झालेली बाजू, तिथे ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं. हातपंप मारून किंवा चावी ऑन करून, पुस्तकात जसं दिलंय तसं हवा काढा.

ऑइल फिल्टर दोन तऱ्हेचे: पूर्ण डबा फिरवून बसवायचा, किंवा झाकण उघडून नुसती कागदाची नळी बदलायची. नळीवाल्याचं निवडणं सोपं. खोक्यात सगळ्या ओ-रिंग आहेत ना ते पाहा आणि सगळ्या बदला.

डब्याच्या फिल्टरला मात्र वेळ द्या. २० मिलिमीटर, १.५ पिचचे (दोन आट्यांतलं अंतर १.५ मिलिमीटर) आटे असंख्य गाड्यांना असतात. पाऊण इंची, इंचाला सोळा आट्यांचेही पुष्कळ. हे दोन इतके जवळचे आहेत की २० मिलिमीटरचा डबा इंजिनावरच्या पाऊण इंची स्टडवर ढिला का होईना, चढतो. दाब आला की तोच डबा निसटून इंजिन कोरडं पडू शकतं. नवा डबा हाताने फिरवताना डुगडुगला तर तिथेच थांबा. गॅस्केटचा, म्हणजे तोंडाच्या रबर रिंगचा, व्यासही जुन्याशी लावून पाहा.

बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टी दोन. पहिली बायपास व्हॉल्व्ह. कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं की तो उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे सोडतो. किती दाबाला उघडायचं ते इंजिनागणिक वेगळं असतं, आणि काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह इंजिनातच असल्याने फिल्टरमध्ये नसतोच. त्यामुळे ‘दिसायला सेम आहे’ या शब्दाला किंमत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ऑइल परत खाली उतरू न देणारी रबराची चकती. कडेच्या बारीक भोकांतून डोकावलात तर दिसते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर तिची गरज जास्त. ती कडक झाली की सकाळी स्टार्ट करताना ऑइलचा दिवा रेंगाळतो आणि इंजिन खडखडतं. सिलिकॉनची चकती उष्णतेत साध्या नायट्रिल रबरापेक्षा जास्त टिकते.

खोक्यावर नुसतं ‘१० मायक्रॉन’ लिहिलं असेल तर भुलू नका. त्या मापाचे किती टक्के कण अडतात ते विचारा. ते बीटा आकड्यात सांगतात, म्हणजे फिल्टरच्या आधीचे कण भागिले फिल्टरनंतरचे कण: बीटा २ म्हणजे निम्मेच अडतात, बीटा ७५ म्हणजे ९८.७ टक्के, बीटा २०० म्हणजे ९९.५ टक्के. चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात हे आकडे चाचणीच्या नावासह देतात: ऑइलला आयएसओ ४५४८-१२, डिझेलला आयएसओ १९४३८, हवेला आयएसओ ५०११.

एअर फिल्टरमध्ये कागदापेक्षा कडेचं रबर मी आधी बघतो. बोटाने दाबलं की परत वर आलं पाहिजे, आणि डबा बंद करताना क्लिपा जोर न लावता लागल्या पाहिजेत. जुना काढल्यावर पाइपच्या आत, इंजिनाच्या बाजूला, स्वच्छ कापड फिरवा. धूळ आली तर ती कडेने शिरते आहे. मग महागडा कागद घेऊनही उपयोग नाही, आधी डबा आणि क्लिपा दुरुस्त करा. मातीच्या रस्त्यावर चालणारे दर आठवड्याला फिल्टर काढून हवा मारतात. जोराच्या हवेने कागदाला न दिसणाऱ्या चिरा पडतात. शिवाय थोडी धूळ बसलेला कागद कोऱ्यापेक्षा जास्त बारीक गाळतो, त्यामुळे उगाच उघडझाप नको. गाडीला तुंबल्याचा इंडिकेटर असेल तर तो सांगेल तेव्हा बदला. आत दुसरी छोटी नळी असेल तर ती कधीच झाडायची नाही, बदलायचीच. तेल लावलेले कापडी फिल्टर धुऊन वापरता येतात म्हणून लोक मागतात. लोडिंगच्या गाडीला मी ते देत नाही. धूळ अडवण्यात ते सहसा चांगल्या कागदामागे पडतात, आणि तेल जास्त झालं तर हवेच्या सेन्सरवर जाऊन बसतं.

डुप्लिकेट ओळखायला खोकं पुरत नाही, छपाई हुबेहूब करतात. फिल्टर हातात घ्या. घड्या एकसारख्या हव्यात, कागद टोकाच्या चकतीला सगळीकडून चिकटलेला हवा, आट्यांत लोखंडाचा कीस नको. शंका फारच असेल तर वापरलेला डबा कापून आतला कागद मोकळा करून बघा.

केबिनचा फिल्टर साधा किंवा कार्बनचा. धुराच्या वासाचा त्रास असेल तर कार्बनचा घ्या. मान-फिल्टर (MANN-FILTER) या कंपनीच्या नंबरात सीयू (CU) म्हणजे साधा, सीयूके (CUK) म्हणजे कार्बनचा. कडेवर हवेचा बाण असतो, तो जुन्याच्या बाणाच्या दिशेलाच ठेवा.