पक्ष्याने काहीतरी गिळलंय? एक्स-रेला निघण्याआधी

बटनासारखी छोटी बॅटरी गेली असेल, पक्षी झटके देत असेल किंवा चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. दवाखान्यात फोन करा आणि निघा. बाकीच्यांनीही आधी फोन करावा, कारण प्राण्यांच्या प्रत्येक डॉक्टरांकडे पक्ष्यांची सवय असतेच असं नाही. पक्ष्यांचा एक्स-रे काढता का, गरज पडली तर गॅसची भूल देता का, हे दोन प्रश्न विचारून घ्या.

पिशवीत पहिल्यांदा टाकायचा तो तुटलेल्या वस्तूचा उरलेला भाग. लोक नेमका हाच घरी विसरतात. एक्स-रेमध्ये धातू पांढराशुभ्र उठून दिसतो. प्लॅस्टिक, रबर, लाकूड, दोरा मात्र बहुतेकदा दिसतच नाही. उरलेला तुकडा पक्ष्याशेजारी ठेवून एक्स-रे काढला, तर ती वस्तू दिसण्यासारखी आहे का ते तिथल्या तिथे कळतं. रबराच्या खेळण्याचा कोपरा गायब असेल, तर ‘एक्स-रे क्लिअर आहे’ या वाक्यावर समाधान मानू नका. अशा वेळी डॉक्टर बेरियम (एक्स-रेत पांढरं दिसणारं द्रव) पाजून पुन्हा फोटो काढतात, आणि त्यात काही तास जातात. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच निघा.

वस्तू धातूची असेल तर कुठली, हे आठवून लिहा: जस्ताचा मुलामा दिलेली पिंजऱ्याची तार, घंटीचा लोलक, पडद्याच्या कडेतलं शिशाचं वजन, नकली दागिना, सोल्डरचा थेंब. दाणे दळणाऱ्या पेषणीत असा तुकडा अडकतो, घासला जातो, वरून येणाऱ्या आम्लात झिजतो आणि शिसं किंवा जस्त रक्तात उतरत राहतं. फोटोत धातू दिसला नाही तरी विषबाधा नाही असं ठरत नाही, म्हणून रक्ततपासणीचं आपणहून विचारा. ग्रिट (दाणे दळले जावेत म्हणून देतात ते बारीक खडे) किंवा समुद्रफेस देत असाल तर तेही सांगा. पेषणीतले ते खडे फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि गोंधळ उडवतात.

पिंजऱ्याच्या तळाशी साधा पांढरा कागद घालून शेवटची शीट (विष्ठा) तशीच घेऊन या. हिरवीगार, पाणीदार किंवा लालसर शीट, उलट्या, पंख लोंबणं, पायांतली ताकद जाणं, यातलं काय आणि कधीपासून, हे चार ओळींत लिहा. मोबाइलवर व्हिडिओ असेल तर उत्तमच. वजन ग्रॅममध्ये करा. बजी (छोटा पोपट) जेमतेम ३०-४० ग्रॅमचा असतो, औषध आणि भूल दोन्ही वजनावर ठरतात, अंदाज चालत नाही.

उपाशी ठेवायचं का, हे स्वतः ठरवू नका. भूल देताना गळ्याखालची पिशवी भरलेली असेल तर अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते. उलट लहान पक्षी जास्त वेळ उपाशी राहिला तर लवकर खचतो. किती तास, ते डॉक्टरच सांगतील. तेल पाजणं, ब्रेड भरवणं, बोटाने उलटी काढायला जाणं यांतलं काहीही घरी करू नका.

नेण्यासाठी छोटा बंद डबा किंवा कॅरिअर बरा. आत टॉवेल, खाली लावलेली दांडी, वरून कापड. घंट्या, आरसे, झोके बाहेर. आजारी पक्ष्याला ऊब लागते, पण एक बाजू गार राहू द्या.

फोटो दोन लागतात: एक उताणं निजवून पंख पसरून, दुसरा कुशीवर. एकाच फोटोत पिसांत अडकलेला तुकडाही पोटात असल्यासारखा वाटू शकतो. पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, छाती हलली तरच श्वास चालतो, त्यामुळे ती दाबून धरलेली दिसली तर बोला. गरोदर बाईने एक्स-रेच्या खोलीत थांबू नये. पायातलं धातूचं कडं घरी कापू नका, फक्त ते आहे एवढं सांगा. फोटोंची डिजिटल कॉपी मागून घ्या. तुकडा सरकला का, हे पुढच्या फोटोशी ताडूनच कळतं.

आणि पिंजऱ्यात जोडीदार असेल तर त्यालाही सोबत न्या. तार कुरतडणारा एकटा हाच होता, याची खात्री कुणाला असते?