निकेल मिश्रधातूचं लेझर वेल्डिंग: आधी रसाची शेपूट वाचा

इन्कोनेल 718 या निकेल मिश्रधातूचा जॉब समोर आला की नवीन मुलं पहिला प्रश्न पॉवरचा विचारतात. मी त्यांना त्याच हीटच्या, म्हणजे एकाच वेळी वितळवून ओतलेल्या धातूच्या, तुकड्यावर एक बीड (वेल्डची रेघ) मारायला लावतो आणि तिच्यावरच्या लाटा भिंगातून बघायला सांगतो. प्रत्येक लाट म्हणजे गोठताना रसाची, म्हणजे वितळलेल्या धातूची, लेझरमागे राहणारी शेपूट कशी होती, त्याचा ठसा.

लाटा नखातल्या चंद्रकोरीसारख्या गोलसर असतील तर ठीक. बाणाच्या टोकासारख्या झाल्या असतील तर स्पीड जास्त आहे. अशा लांबुळक्या रसात दोन्ही बाजूंनी वाढणारे धातूचे दाणे (स्फटिक) मधोमध येऊन भिडतात आणि सगळ्यात शेवटी गोठणारा, निओबियम आणि अशुद्धी जमलेला रस त्याच रेषेवर अडकतो. आकसताना ती रेषा उघडते. 2 मिमी पत्र्याच्या एका जॉबवर डाय पेनिट्रंट (तडे दाखवणारा लाल रंग) मारल्यावर बीडच्या बरोबर मधून केसाएवढी लाल रेघ उमटली होती. दोन दिवस मी गॅस बदलत बसलो. स्पीड उतरवला तेव्हा लाटा गोल झाल्या आणि रेघ गेली.

मात्र स्पीड उतरवण्यालाही मर्यादा आहे. 718 मध्ये सुमारे 5 टक्के निओबियम असतं. उष्णता जास्त गेली, रस सावकाश गोठला, की लाव्हेस फेज हा निओबियम जमून बनणारा ठिसूळ भाग वाढतो आणि बीडशेजारच्या दाण्यांच्या सीमाही वितळून तडकू शकतात. म्हणून लाटा गोल होतील इतपतच खाली या.

आता छिद्रं. कीहोल, म्हणजे लेझरने धातूची वाफ करून रसात पाडलेला खड्डा, अरुंद आणि खोल झाला की त्याच्या भिंती मध्येच मिटतात आणि तळाशी वाफेचा बुडबुडा कोंडतो. निकेलचा रस जडपणे वाहणारा, त्यात लेझरची बीड क्षणात गोठते; बुडबुड्याला वर यायला वेळच मिळत नाही. बीड आडवी कापून पॉलिश करा. मुळाशी गोल छिद्रं दिसली तर पॉवर थोडी कमी करा किंवा स्पॉट (लेझरचा ठिपका) मोठा घ्या. बीम गोल फिरवायची सोय असेल तर ती वापरा, कीहोलचं तोंड उघडं राहतं. आरपार वेल्ड चालणार असेल तर उत्तमच, वाफेला खालूनही वाट मिळते.

साफसफाईत हयगय मला अजिबात चालत नाही. 718 हा 1260 ते 1336 अंश सेल्सिअसमध्ये वितळतो, तर निकेल ऑक्साइडला 1900 अंशांच्या वर तापमान लागतं; त्याची साय रसावर तशीच तरंगते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, मग अॅसिटोनने पुसा. मार्करची खूण, तेल, रंग काहीही उरू देऊ नका, त्यातलं गंधक आणि शिसं निकेलला तडकवतं. वरून आणि मागून आर्गॉन द्या.

गंधकाची आणखी एक गोष्ट. कमी पॉवरच्या, कीहोल नसलेल्या वेल्डमध्ये त्याच्या काही पीपीएम (दशलक्षात काही भाग) फरकानेही पृष्ठभागावरचा रस बाहेर वाहायचा तो आत वाहू लागतो. ग्रेड तोच, सेटिंग तेच, तरी एका हीटची बीड पसरट आणि दुसऱ्याची खोल! म्हणूनच तुकडा त्याच हीटचा हवा.

बीड संपवताना बीम एकदम तोडू नका. शेवटच्या काही मिलिमीटरात पॉवर हळूहळू उतरवा, म्हणजे खळगा रसाने भरून निघेल. मग भिंग आधी त्या खळग्यावरच धरा.