विमान उडायच्या आधी काय करायचं: क्रॅश गेममध्ये पैसा आणि डोकं सांभाळणं

दीड वर्ष मी हे विमानवाले गेम खेळलो, पिंपरीत रूमवर, बहुतेक रात्री अकरानंतर, सगळे झोपले की. गेम असा, आधी पैसे लावायचे, स्क्रीनवर विमान वर जातं तसा गुणाकाराचा आकडा वाढत जातो (२ एक्स म्हणजे लावलेल्याच्या दुप्पट), आणि विमान उडून जायच्या आधी पैसे काढून घ्यायचे, ह्यालाच कॅशआऊट म्हणतात, राहिलं तर सगळे गेले. त्यामुळे आधीच सांगून टाकतो की ह्यात जिंकायची ट्रिक नाहीये आणि मी ती देणारही नाही. हे लिहितोय ते आत्ता अडकलेल्यांसाठी, किंवा ज्यांच्या घरातलं कोणी अडकलंय त्यांच्यासाठी.

पहिलं कायद्याचं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यांचे पैसे फिरवणं, तिन्हीवर बंदी. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. नुसतं खेळणाऱ्याला ह्या कायद्यात शिक्षा नाही, पण म्हणून आपण सेफ आहोत असं समजू नका, कारण आता जे ॲप आणि लिंक फिरतायत ते बहुतेक बाहेरच्या देशातून चालतात, पैसे अडकले तर दाद कोणाकडे मागणार? डिपॉझिट करताना यूपीआयवर कंपनीचं नाव येत नाही, कोणातरी अनोळखी माणसाचं नाव येतं, ते खातं उद्या सायबर फ्रॉडच्या तक्रारीत सापडलं तर त्याच साखळीत तुमचंही खातं फ्रीज होऊ शकतं. आणि कोणी "खातं भाड्यानं दे, महिन्याला एवढे देतो" म्हणालं तर तिथंच विषय संपवा, त्यात पोलीस थेट तुमच्या दारात येतात.

आता गणित, हे नीट वाचा कारण मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते. ह्या प्रकारातला सगळ्यात माहितीचा गेम म्हणजे एव्हिएटर, २०१९ मध्ये आला, त्याचा जाहीर केलेला परतावा ९७ टक्के आहे. म्हणजे सगळं प्रामाणिकपणे चाललं तरी लावलेल्या प्रत्येक १०० रुपयातले सरासरी ३ रुपये गेले. विमान २ एक्सपर्यंत पोचायची शक्यता साधारण साडेअठ्ठेचाळीस टक्के, १.२ एक्सची जवळपास ८१, १० एक्सची पावणेदहाच्या आसपास. १०० रुपयांच्या १०० फेऱ्या खेळा, १.२ वर काढा, २ वर काढा नाहीतर १० ची वाट बघा, तिन्हीचा हिशोब करून बघा, सरासरी ३०० रुपये तोटाच येतो. लवकर कॅशआऊट केलं की सेफ असं जे आपल्याला वाटतं ना, ते फक्त वाटतं, छोटं छोटं जिंकून एका फटक्यात जातं एवढाच फरक. ऑटो कॅशआऊट, म्हणजे ठरवलेल्या आकड्याला पैसे आपोआप निघतात तो, लावला तरी हे बदलत नाही.

डबलिंगचं पण असंच. १०० हरले की २००, मग ४००, असं करत गेलो की एकदा तरी २ एक्स येणारच आणि सगळं वसूल होणार, असं वाटतं. पण सलग सात हरलात तर १२,७०० गेले आणि आठव्या फेरीला १२,८०० लावायचेत, कशासाठी, तर १०० रुपये नफ्यासाठी. सात सलग हरणं दुर्मिळ वाटतं पण सरासरी दोनशे-सव्वादोनशे फेऱ्यांत एकदा ते होतंच. एक फेरी वीसेक सेकंदांची धरली तर सव्वा तासाच्या आत.

आणि खरी गोम ह्या वीस सेकंदातच आहे. मुंबईचा मटका घ्या, त्यात ओपन आणि क्लोज, दोन आकड्यांच्या मधे काही तास जायचे, माणूस जेवायचा, कामाला जायचा, बायकोशी बोलायचा, डोकं थंड व्हायला वेळ मिळायचा. इथं हरल्यावर पाच-सात सेकंदांत पुढची बेट उघडते, विचार करायला जागाच ठेवलेली नाही. म्हणून "मी मनाशी ठरवलंय, ५०० गेले की बंद" हे चालत नाही, माझं तरी कधीच चाललं नाही. शिस्त बटणाजवळ लावून उपयोग नाही, ती बँकेत लावायची, दुपारी, डोकं शांत असताना.

मी काय केलं ते सांगतो. पगार येतो ते खातं यूपीआयवरून पूर्ण काढून टाकलं, म्हणजे लिंकच नाही. दुसरं खातं ठेवलं रोजच्या खर्चाला, त्यात आठवड्याचे दीड हजार, त्यावर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन रोजची मर्यादा कमी करून घेतली. डेबिट कार्डचे ऑनलाइन व्यवहार बंद. पगाराच्या खात्याचं नेट बँकिंग बहिणीसमोर बसून बदललं, पासवर्ड तिच्याकडे. लाज वाटली का, वाटली, पण ताईनं एकच विचारलं, जेवलास का? त्यानंतर सोपं गेलं. इन्स्टंट लोनची सगळी ॲप त्याच दिवशी काढली, हे सगळ्यात आधी करा खरं तर, कारण स्वतःचे पैसे संपल्यावर थांबायला होतं, लोन ॲप असेल तर तेही होत नाही.

मग स्टेटमेंट काढा. एक वर्षाचं. गेममध्ये गेलेले सगळे एका रकान्यात, परत आलेले दुसऱ्यात, बेरीज करून वजा करा. आपल्याला जिंकलेले आठ हजार लक्षात राहतात, दोनशे-तीनशेची डिपॉझिट राहत नाहीत. माझा आकडा मी पाच हजार धरून होतो, निघाला एकसष्ट हजार.

विमान कुठं उडणार ते आधी सांगतो म्हणणारी प्रेडिक्टर ॲप आणि टेलिग्रामवरचे सिग्नल, हे सरळ खोटं. खऱ्या गेममध्ये फेरीचा निकाल ज्यावरून ठरतो तो सर्व्हरचा गुप्त आकडा आधीच हॅशमध्ये, म्हणजे उलटा न सोडवता येणाऱ्या कोडमध्ये, बंद केलेला असतो, हॅशवरून मागं जाऊन तो काढता येत नाही. बनावट क्लोन गेममध्ये तर निकाल चालवणाऱ्याच्याच हातात. एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली ॲपची फाईल, टाकलं की तुमचे ओटीपी वाचले जाऊ शकतात, ते वेगळंच. विड्रॉल अडवून "आधी टॅक्स भरा" म्हणत असतील तर एक रुपया भरू नका, स्क्रीनशॉट काढा आणि सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला, १९३० ला, कॉल करा, जितका लवकर तितकी पैसे गोठवायची शक्यता जास्त.

परदेशात जिथं हे कायदेशीर आहे तिथल्या आपल्या लोकांसाठी थोडं. ब्रिटनमध्ये असाल तर गॅमस्टॉपवर, म्हणजे स्वतःवरच जुगाराची बंदी घालून घ्यायच्या यादीत, नाव टाका, ६ महिने, १ वर्ष किंवा ५ वर्षं, परवानाधारक सगळ्या साइट एकदम बंद. आणि तरीही खेळणारच असाल तर वेळ नाही, फेऱ्या मोजा, तीस म्हणजे तीस, पैसे सिनेमाच्या तिकिटासारखे आधीच खर्ची टाकलेले, आणि दारू प्यायल्यावर, भांडण झाल्यावर, पगाराच्या दिवशी अजिबात नाही.

सोडल्यावर पहिले पंधरा दिवस फार वाईट जातात. तलफ आली की ती दहा-पंधरा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि बाहेर पडा, मी खाली टपरीवर जाऊन उभा राहायचो, चहा घेऊन. "गेलेले तरी काढून घेऊ" हा विचार ज्या दिवशी येतो तो दिवस सगळ्यात धोक्याचा, त्या दिवशी कोणाला तरी फोन लावाच. टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री पण. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, तिथं विचारा.

घरच्यांनो, पोरानं कबूल केलं तर पहिल्या दिवशी हिशोब विचारू नका. आणि कर्ज फेडायला हातात रोख देऊ नका, कितीही रडला तरी. यादी करा, कोणाचे किती, आणि ज्याचे आहेत त्याला थेट तुम्ही भरा, छोटं आधी. माझ्या वडिलांनी अकरा महिने तसंच केलं, दर महिन्याच्या पाच तारखेला, मला शेजारी बसवून.